आकडा आणि अट: चार्जर, केबल, पॉवर बँक, इयरबड्स निवडायची एक पद्धत

खोक्यावरचे आकडे सहसा खोटे नसतात. ६५ वॉट, १०,००० एमएएच, ४० तास प्लेबॅक, ९एच काच, यातलं प्रत्येक कुठल्या तरी परिस्थितीत खरंच असतं. फक्त ती परिस्थिती आपली असेलच असं नाही. आवाज निम्म्यावर ठेवलेला, चार्जरच्या एकाच पोर्टला एकच उपकरण लावलेलं, केबल कंपनीचीच, खोलीत गारवा. गॅजेट घेऊन पस्तावणाऱ्या बहुतेकांच्या हातात वाईट वस्तू आलेली नसते. दुसऱ्या कुणाच्या अटींवर चांगली असलेली वस्तू आलेली असते.

तेव्हा खाली ‘यातलं घ्या, ते घेऊ नका’ अशी यादी मिळणार नाही. आकड्यामागची अट शोधायची कशी, आणि ती आपल्या वापरात बसते का हे पाहायचं कसं, ते क्रमाने सांगतो. चार्जिंगवर जास्त जागा गेली आहे, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो.

पायरी १: अडचण एका वाक्यात लिहा

‘फोनची बॅटरी पुरत नाही’ हे वाक्य अर्धवट आहे. कुठे, किती वाजता आणि कधीपासून, हे जोडल्याशिवाय त्याचा उपयोग नाही. दुपारी चारला बॅटरी संपते आणि तेव्हा तुम्ही टेबलाशीच असता, तर तिथे ठेवायला एक जादा चार्जर हवा. दिवसभर फिरतीवर असता, तर पॉवर बँक. आणि हाच फोन दोन वर्षांपूर्वी रात्रीपर्यंत आरामात चालायचा, तर सेटिंग्जमध्ये बॅटरी हेल्थ बघा. मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या खाली गेली असेल, तर बॅटरी बदलून घ्या. खिशात रोज पाव किलो वजन वागवण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

त्याच कागदावर दुसरी ओळ लिहा: काय कमी झालं तर चालेल? वजन, वेग, आवाजाचा दर्जा, दुरुस्तीची सोय, यातलं काहीतरी सोडावंच लागतं. काय सोडायचं हे आधी ठरवलं नाही, तर ते विकणारा ठरवतो.

पायरी २: चार्जरची पाठ वाचा

चार्जरच्या अंगावर, बहुधा करड्यावर करडा, बारीक मजकूर छापलेला असतो. फोनने फोटो काढून मोठा करा. ‘आउटपुट’च्या पुढे ५ व्होल्ट ३ अँपिअर, ९ व्होल्ट ३ अँपिअर, १५ व्होल्ट ३ अँपिअर, २० व्होल्ट ३.२५ अँपिअर अशा जोड्या दिसतील. व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार म्हणजे वॉट. शेवटच्या जोडीचे ६५ वॉट होतात आणि खोक्यावर तोच आकडा मोठ्या अक्षरात मिरवत असतो. पण २० व्होल्ट लॅपटॉप मागतो. तुमचा फोन ९ व्होल्टच मागत असेल, तर त्याच्या वाट्याला जास्तीत जास्त २७ वॉट येतील, मग चार्जर ६५चा असो की १००चा.

दुसरी अट भाषेची, म्हणजे किती वीज द्यायची हे चार्जर आणि फोन आपसात ज्या पद्धतीने ठरवतात तिची. यूएसबी पॉवर डिलिव्हरी, म्हणजे पीडी, ही सगळ्यांची सामाईक पद्धत. तिच्यातच पीपीएस नावाचा एक भाग आहे, ज्यात फोन क्षणाक्षणाला व्होल्टेज थोडं वर-खाली मागू शकतो. सॅमसंगच्या फोनना २५ आणि ४५ वॉटचा वेग पीपीएस असलेल्या चार्जरवरच मिळतो. नुसतं ‘पीडी’ लिहिलेल्यावर तो कमी होतो. काही कंपन्यांची भाषा तर सर्वस्वी स्वतःची. ओप्पो आणि वनप्लसचं सुपरवूक हे ठळक उदाहरण. त्यांचा फोन त्यांच्याच चार्जर-केबलवर भन्नाट पळतो आणि दुसऱ्याच्या पीडी चार्जरवर जाहिरातीतल्या वेगाच्या जवळपासही जात नाही.

मग काय घ्यावं? फोन रात्रभर चार्जिंगला लावायची सवय असेल, तर वेगाचा प्रश्नच मिटला. साधा पीडी चार्जर घ्या. तो टॅब्लेट, इयरबड्स, कदाचित लॅपटॉपही सांभाळेल. बाहेर पडायच्या आधी वीस मिनिटांत जमेल तेवढं भरून घ्यायचं असेल, तर कंपनीचा खास चार्जर उपयोगी. एवढं लक्षात ठेवा, की खोक्यावरचा वेग फक्त सुरुवातीला मिळतो. बॅटरी भरत आली की फोन स्वतःच करंट कमी करत जातो आणि शेवटचे वीस टक्के कुठल्याही चार्जरवर रेंगाळतात.

दोन-तीन पोर्ट असलेल्या चार्जरची गंमत वेगळी. ६५ वॉट हा एकट्या पोर्टचा आकडा. दुसरं उपकरण लावलं की त्याची वाटणी होते, बहुधा ४५ आणि २०. ही वाटणी खोक्याच्या मागच्या तक्त्यात असते. तक्ताच नसेल तर तो चार्जर मी घेत नाही. शिवाय दुसरी केबल खोचताक्षणी अनेक चार्जर सगळ्या पोर्टची वीज क्षणभर तोडून नव्याने बोलणी करतात. फोनला त्याचं काही वाटत नाही. पण पहिल्या पोर्टवर बॅटरी नसलेलं काही चालू असेल, छोटा कॉम्प्युटर किंवा राउटर, तर ते तिथल्या तिथे बंद पडून पुन्हा सुरू होतं. अशा उपकरणाला स्वतःचा वेगळा चार्जर द्या.

गॅलियम नायट्राइडचे, म्हणजे ‘गॅन’ चार्जर आकाराने लहान असतात हे खरं. पण सैल सॉकेटमध्ये वजनदार चार्जर पुढे झुकतो आणि पिना अर्ध्या बाहेर येतात. रोजच्या सॉकेटची पकड बघून मगच वजन ठरवा.

पायरी ३: केबलला कमी लेखू नका

टाइप-सी हे फक्त तोंडाच्या आकाराचं नाव. आत काय आहे ते बाहेरून कळत नाही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, हा प्रकार इथे नेहमीचा.

केबलचे दोन आकडे वेगवेगळे वाचायचे. पहिला विजेचा. साधी सी-टू-सी केबल ३ अँपिअर, म्हणजे ६० वॉटपर्यंत वाहते. त्यापुढे ५ अँपिअरची केबल लागते आणि तिच्या टोकात स्वतःची ओळख सांगणारी चिप असावी लागते. ती नसेल तर १०० वॉटचा चार्जरही लॅपटॉपला ६०च देतो. २०२१मध्ये आलेल्या पीडी ३.१ने ही मर्यादा २४० वॉटपर्यंत नेली.

दुसरा आकडा डेटाचा, आणि तिथे फसगत जास्त. चार्जिंगसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक केबल्स, अगदी २४० वॉटच्यासुद्धा, डेटा यूएसबी २.० च्या वेगाने, म्हणजे सेकंदाला ४८० मेगाबिटने नेतात. १०० जीबी व्हिडिओ अशा केबलवरून कॉपी करायला पाऊण तास लागतो. १० गिगाबिटच्या केबलवर, दोन्हीकडची उपकरणं तेवढी वेगवान असतील तर, दोन-तीन मिनिटं. २०२३च्या आयफोन १५ प्रोचं पोर्ट १० गिगाबिटचं आहे, पण त्याच्या खोक्यातली केबल यूएसबी २.० ची!

मग सगळ्या कामांना एकच उत्तम केबल का घेऊ नये? कारण वेगवान केबल जाड, ताठ आणि आखूड असते. ४० गिगाबिटची साधी केबल ८० सेंटिमीटरच्या आसपास संपते. बिछान्याशी ठेवायला दोन मीटरची मऊ, मंद केबल बरी. एसएसडीसाठी, म्हणजे बाहेरून जोडायच्या वेगवान ड्राइव्हसाठी, आखूड, वेगवान केबल त्या एसएसडीच्याच पाकिटात राहू द्या. घेतल्या दिवशी टोकाशी चिठ्ठी चिकटवून त्यावर वॉट आणि वेग लिहा. सहा महिन्यांनी दोन काळ्या केबल्स हातात धरून उभं राहण्यात काही अर्थ नसतो.

आणि एक जाता जाता. टॉर्च, ट्रिमर, छोटा पंखा अशा स्वस्त वस्तूंना टाइप-सी पोर्ट असतं, तरी सी-टू-सी केबलने त्या चार्जच होत नाहीत. वस्तू बिघडलेली नसते. टाइप-सी चार्जर समोर उपकरण आहे याची खूण पटल्याशिवाय वीज सोडत नाही आणि ती खूण देणारे दोन छोटे रेझिस्टर उत्पादकाने वाचवलेले असतात. जुन्या, रुंद तोंडाच्या यूएसबी-ए पोर्टमधून केबल लावली की काम होतं. म्हणून चार्जरला एखादं यूएसबी-ए पोर्ट असणं अजूनही कामाचं.

पायरी ४: पॉवर बँकेचं गणित वॉट-अवरमध्ये करा

१०,००० एमएएचची बँक ५,००० एमएएचचा फोन दोनदा भरेल असं वाटतं. भरत नाही. तो आकडा आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टवर मोजलेला असतो. बाहेर वीज ५ किंवा ९ व्होल्टने येते. म्हणून ऊर्जा मोजा: १०,००० एमएएच म्हणजे १० अँपिअर-तास, गुणिले ३.७, म्हणजे ३७ वॉट-अवर. ५,००० एमएएचच्या फोनची बॅटरी साधारण १९ वॉट-अवरची. व्होल्टेज बदलताना काही वीज उष्णतेत जाते, फोन भरताना आणखी थोडी. हातात उरतं दीड चार्जच्या आसपास. चांगल्या बँकेवर ‘रेटेड कपॅसिटी’ अशी वेगळी ओळ असते, ५ व्होल्टला सहा-साडेसहा हजार वगैरे. ती ओळ छापणारा उत्पादक मला जास्त विश्वासाचा वाटतो.

२०,०००ची बँक म्हणजे ७४ वॉट-अवर आणि वजन साडेतीनशे-चारशे ग्रॅमपर्यंत. सलग दोन दिवस विजेपासून लांब राहायचं असेल किंवा लॅपटॉप भरायचा असेल तरच ती. एरवी ती कपाटात राहते, कारण जड वस्तू आपण बरोबर घेत नाही. विमानप्रवास असेल तर वॉट-अवरचा आकडा छापलेला असलाच पाहिजे. १०० वॉट-अवरपर्यंतची बँक सहसा चालते, १०० ते १६०ला विमान कंपनीची परवानगी लागते, आणि कुठलीही बँक जवळच्या बॅगेतच ठेवायची, चेक-इन सामानात नाही. २७,०००च्या बँका म्हणूनच दिसतात, त्यांचे ९९.९ वॉट-अवर होतात. २०२५पासून काही विमान कंपन्यांनी उड्डाणात पॉवर बँक वापरायलाही मनाई केली आहे, तेव्हा निघण्याआधी नियम बघा.

इयरबड्स किंवा घड्याळ पॉवर बँकेवर लावायचं असेल, तर ‘लो करंट मोड’ आहे का विचारा. नसेल तर ती उपकरणं इतका कमी करंट ओढतात, की बँकेला वाटतं काहीच लावलेलं नाही आणि ती बंद होते. सकाळी उठून बघावं तर घड्याळ तसंच रिकामं.

फुगलेली बँक मात्र एक दिवसही वापरू नका. तिला भोक पाडून ‘हवा काढणं’ तर मुळीच नाही.

पायरी ५: वायरलेस चार्जिंग कुठे बसतं

वायरलेस चार्जिंगमध्ये केबलपेक्षा जास्त वीज उष्णतेत जाते, आणि लिथियम बॅटरीला उष्णतेइतकं दुसरं काही लवकर म्हातारं करत नाही. क्यूआय ही वायरलेस चार्जिंगची सामाईक पद्धत. जुन्या क्यूआय पॅडवर फोन बोटभर सरकला तरी कॉइल जुळत नाही, उष्णता वाढते आणि सकाळी फोन चाळीस टक्क्यांवर असतो. २०२३मध्ये जाहीर झालेल्या क्यूआय२ने चुंबक आणून हा त्रास बराच कमी केला. त्याचा १५ वॉटचा वेग मिळवायला मात्र फोन आणि पॅड दोन्ही क्यूआय२चे हवेत, आणि कव्हर पातळ किंवा चुंबकाचं.

टेबलावर, जिथे फोन दिवसातून दहादा उचलला-ठेवला जातो, तिथे हे फार सोयीचं. पोर्ट सैल झालेलं असेल तरीही. गाडीत मात्र माझं मत प्रतिकूल आहे. काचेतून येणारं ऊन, चालू असलेला नकाशा आणि त्यात वायरलेसची उष्णता. फोन स्वतःच चार्जिंग थांबवतो आणि मुक्कामाला बॅटरी निघताना होती तेवढीच असते. गाडीत केबल लावा आणि होल्डर एसीच्या झोतापाशी बसवा.

पायरी ६: इयरबड्सचा कस कॉलवर लागतो

गाणी ऐकायला आज बहुतेक इयरबड्स ठीक असतात. फरक पडतो तीन ठिकाणी, आणि तो खोक्यावरून कळत नाही.

पहिलं, माइक. इयरबड्स लॅपटॉपला जोडा, गाणं लावा आणि मग मीटिंगमध्ये जा. आवाज एकदम चपटा होतो. नेहमीचं ब्लूटूथ एका वेळी एकतर चांगला आवाज एका दिशेने पाठवतं, नाहीतर दोन्ही दिशांना बोलण्यापुरता. माइक चालू झाला की ते दुसऱ्या पद्धतीवर जातं. उपाय सोपा आहे: मीटिंगच्या सेटिंग्जमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचाच निवडा, ऐकायला इयरबड्स ठेवा. दिवसाचे चार तास कॉलवरच जाणार असतील, तर तोंडाजवळ दांडी येणारा वायरचा हेडसेट घ्या. दिसायला तो कसाही असो, पलीकडच्याला तुमचं बोलणं नीट ऐकू येईल.

दुसरं, कोडेक, म्हणजे ब्लूटूथवरून पाठवायला आवाज दाबून लहान करायची पद्धत. एलडॅक नावाचं कोडेक सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत जातं हे खरं, पण फोनलाही ते यायला हवं. आयफोनला एलडॅक येत नाही, त्याच जातीचं अ‍ॅपटीएक्सही नाही; तिथे त्यासाठी मोजलेले पैसे वाया. अँड्रॉइडवरही गर्दीच्या ठिकाणी ते ६६० किंवा ३३०वर उतरतं. काही मॉडेलांत दोन उपकरणं एकदम जोडली की एलडॅक बंदच होतं.

तिसरं, कानातली बैठक. नॉइज कॅन्सलिंग विमानाच्या इंजिनासारखी सलग, खर्जातली घरघर छान पुसतं. शेजारच्याचं बोलणं त्यातून बऱ्यापैकी येतच राहतं. कान नीट बंद झाला नसेल तर घरघरही जात नाही आणि बासही नाहीसा होतो. म्हणून सोबतच्या तिन्ही मापांच्या रबरी टोप्या लावून बघा. दोन्ही कानांना वेगवेगळं माप लागू शकतं. ‘आवाज पातळ आहे’ म्हणून परत केले जाणारे बरेच इयरबड्स चुकीच्या टोपीचे बळी असतात.

‘४० तास’ यात केसमधल्या चार्जचेही तास धरलेले असतात आणि नॉइज कॅन्सलिंग बहुधा बंद असतं. एका बडचे किती तास, तेही कॅन्सलिंग चालू असताना, हा आकडा शोधा. त्या बडमधली बॅटरी जेमतेम काही डझन एमएएचची. रोज वापरल्यावर दोन-तीन वर्षांत ती थकते आणि बहुतेक मॉडेलांत ती बदलता येत नाही. फेअरफोन कंपनीचे २०२४चे फेअरबड्स हा त्याला अपवाद, त्यांची बॅटरी आपल्याला बदलता येते. टिकाऊपणाच हवा असेल तर वायरचे इयरफोन आणि ते फोनच्या पोर्टला जोडणारा एक टाइप-सी डोंगल. गेम खेळणाऱ्यांनाही तेच सांगेन, ब्लूटूथमध्ये गोळी आधी दिसते आणि मग ऐकू येते.

पायरी ७: बाकीचं, पटापट

स्क्रीनगार्डवरचं ‘९एच’ पेन्सिलच्या कडकपणाच्या मापावरचं आहे, खनिजांच्या मोह्स मापावरचं नव्हे. वाळूतलं क्वार्ट्झ मोह्सवर ७ असतं आणि ते काचेवर चरे पाडतंच. गार्डचं काम स्वतः चरे झेलणं आणि आपटल्यावर आधी फुटणं. फोनचा फिंगरप्रिंट सेन्सर अल्ट्रासॉनिक, म्हणजे ध्वनिलहरींनी बोट ओळखणारा असेल, तर जाड काच त्याला जमत नाही. तुमच्या मॉडेलला चालतं का ते आधी बघा.

आयपी६७ म्हणजे धूळ आत नाही, आणि एक मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास. समुद्राचं पाणी किंवा साबण त्यात नाही, आणि रबरी सील जुने झाले की तीही खात्री नाही. आयपीएक्स४मधल्या ‘एक्स’चा अर्थ धुळीची परीक्षा नोंदवलेली नाही. बड्सना मिळालेला दर्जा अनेकदा केसला नसतो, म्हणून घामेजलेले बड्स पुसूनच आत ठेवा.

लॅपटॉपला हब, म्हणजे जादा पोर्ट देणारी डबी, लावल्यावर बिनतारी माउस अडखळायला लागला, तर माउसला दोष देऊ नका. यूएसबी ३चा विद्युत गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सांडतो, आणि असा माउस त्याच पट्ट्यात बोलतो. इंटेलने २०१२मध्येच यावर टिपण काढलं होतं. माउसचा डोंगल, म्हणजे यूएसबीत खोचलेला त्याचा रिसीव्हर, हबपासून फूटभर लांब न्या. हबवर ‘४के’ लिहिलं असेल तर पुढे ३० हर्ट्झ आहे की ६० (सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं तो आकडा) ते बघा, ३०वर कर्सर फरफटत चालतो.

मेमरी कार्डावरचा मोठा आकडा वाचण्याचा असतो. व्हिडिओला महत्त्वाचा लिहिण्याचा, तोही सलग. व्ही३० म्हणजे सेकंदाला किमान ३० मेगाबाइट. अहोरात्र लिहीत राहणाऱ्या डॅशकॅमला, म्हणजे गाडीतल्या कॅमेऱ्याला, साधं कार्ड घालू नका, त्यासाठी ‘एन्ड्युरन्स’ कार्डं मिळतात.

स्मार्टवॉचमध्ये झोप मोजायची असेल, तर ते रात्री हातात हवं, मग चार्ज कधी करणार? याला तुमच्या दिवसात जागा सापडत नसेल, तर रोज चार्ज मागणाऱ्या घड्याळाचं ते फीचर तुमच्यासाठी नाहीच.

पायरी ८: किती वर्षं?

इथे तीन प्रश्न. बॅटरी किती चक्रं (एक चक्र म्हणजे एकदा पूर्ण भरून वापरणं) टिकेल, अपडेट किती वर्षं मिळतील, आणि कंपनीचा सर्व्हर बंद झाला तर वस्तूचं काय उरेल. युरोपीय संघात २० जून २०२५पासून विकायला येणाऱ्या फोनच्या बॅटरीने ८०० चक्रांनंतर ८० टक्के क्षमता राखणं बंधनकारक आहे, आणि तिथल्या लेबलवर चक्रांचा आकडा छापलेला असतो. तुम्ही कुठेही राहत असलात तरी त्याच मॉडेलचं ते लेबल शोधून वाचता येतं. अपडेटच्या बाबतीत गूगलचा पिक्सेल ८ आणि सॅमसंगचा गॅलेक्सी एस२४ यांनी सात वर्षांचं वचन दिलं, तुलना त्याच्याशी करा.

तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही. रेव्हॉल्व्ह नावाचा स्मार्ट होम हब, म्हणजे घरातली स्मार्ट उपकरणं एकत्र चालवणारी डबी, होता. मे २०१६मध्ये त्याची सेवा बंद केली गेली आणि धडधाकट वस्तू निकामी झाली. दिवा, कॅमेरा, वजनकाटा, काहीही घेताना बघा: इंटरनेट बंद करून आणि खातं न उघडता ती वस्तू मूळ काम करते का?

पायरी ९: परत करण्याची मुदत परीक्षेसाठी वापरा

खोकं फाडू नका, पहिल्याच दिवशी कामाला लागा. केबलवरून मोठी फाइल कॉपी करून वेळ लावा. चार्जर लॅपटॉप आणि फोन दोन्ही लावून अर्धा तास चालवा. कोमट होणं ठीक, हात ठेववत नसेल तर परत. जमलं तर छोटा यूएसबी पॉवर मीटर घ्या. तो व्होल्ट आणि अँपिअर समोर दाखवतो आणि मग खोक्यावर विसंबावं लागत नाही. मेमरी कार्ड एफ३ किंवा एच२टेस्टडब्ल्यू या मोफत प्रोग्रामने पूर्ण भरून तपासा, नकली कार्ड आपली क्षमता खोटी सांगतं आणि ठरावीक मर्यादेनंतर डेटा गिळतं. इयरबड्स घालून रस्त्याच्या कडेला उभं राहा, स्वतःला व्हॉइस नोट पाठवा आणि ती दुसऱ्या कशावर तरी ऐका. घड्याळ एक पूर्ण रात्र हातात ठेवा. बिलाचा फोटो काढा आणि परतीच्या शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधीचं रिमाइंडर लावा.